जावईबापूंचा कागद

रत्नमालाचा जावई आला की तो अख्ख्या वॉर्डाचा जावई असायचा. पवनीच्या त्या वॉर्डात रीतच तशी होती. मुलगी एका घरची, पण पाहुणा सगळ्यांचा. ज्याच्या दारावरून तो जाईल त्याने खुर्ची टाकायची, पाणी द्यायचं, चहाचं विचारायचं. पंगतीत पहिलं ताट त्याचं. आणि त्याला उलट काही विचारायचं नाही. काम काय करता, पगार वेळेवर होतो का, पिणं सुटलं का, हे प्रश्न जावयाच्या पाठीमागे विचारायचे असतात. तिथे ते मन भरेपर्यंत विचारले जात.

धर्मेंद्र नाकाडोंगरीकडचा. लग्न जुळवताना सांगितलं होतं की खाणीच्या ऑफिसात आहे. ऑफिसात होता हे खरं, पण ऑफिस ठेकेदाराचं होतं, आणि ठेका संपला तसं तेही संपलं. मग त्याने विम्याचं काम धरलं, मग प्लॉटचं, मग कसल्याशा पावडरीचं, जी दुधात घालून प्यायली की गुडघे दुखत नाहीत. दर वेळी प्रतिक्षा आईला फोनवर सांगायची, "आता जमून राहिलं व माय." चार बायांत मुलीचा विषय निघाला की रत्नमाला मान खाली घालून भाजी निवडायला लागायची, आणि भाजी निवडून झालेली असली तरी पुन्हा निवडायची.

म्हणून त्या दिवाळीनंतर धर्मेंद्र पांढरा शर्ट घालून, हातात फाईल घेऊन आला, विहारासमोरच्या अंगणात खुर्चीवर बसला आणि वॉर्डातले लोक त्याच्यासमोर सतरंजीवर बसून ऐकू लागले, तेव्हा रत्नमालाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेजारच्या वच्छलाने तो बघितला. तिला बरं वाटलं. तिथेच तिची चूक झाली.

वच्छला आणि रत्नमाला एकाच उन्हाळ्यात या वॉर्डात लग्न होऊन आल्या होत्या. घरं लागून. रत्नमाला बाळंतपणात खाटेला खिळली तेव्हा प्रतिक्षा वच्छलाच्या मांडीवर वाढली. नवरा गेल्यावर वच्छलाने भांडी भाड्याने द्यायचा धंदा सुरू केला. गंज, कढया, पराती, ताटं, पाण्याचे जग. प्रत्येक भांड्यावर तिने खिळ्याने टिपके मारून आपलं नाव घालून घेतलं होतं. लग्न असो, तेरवी असो, वाढदिवस असो, वॉर्ड जेवायचा तो वच्छलाच्या नावावर. एक नियम तिने स्वतःच करून ठेवला होता. वॉर्डात बाळ झालं की नामकरणाच्या भांड्यांचं भाडं घ्यायचं नाही.

भांडी वाढवायला तिने ग्रुपचं कर्ज घेतलं होतं. पाच बाया मिळून एक ग्रुप, एकीने भरलं नाही तर बाकीच्या चौघींनी भरायचं. ग्रुपची प्रमुख रत्नमाला. दर मंगळवारी कंपनीचा श्रावण मोटारसायकलवर यायचा, हेल्मेट मांडीवर ठेवून हप्ते घ्यायचा. वच्छलाचा हप्ता कधी चुकला नव्हता, आणि त्यामागे कारण होतं. तिचा अश्विन बारावीला होता. त्याला नर्सिंगला जायचं होतं. बँकेतल्या बाईंनी संगणकावर बघून सांगितलं होतं, "तुमचं सिबिल छान आहे. निकाल लागला, ॲडमिशन झाली की या. आईच्या नावावर मुलाचं कर्ज होऊन जाईल." सिबिल म्हणजे काय हे वच्छलाला नीट ठाऊक नव्हतं. पण आयुष्यात आपल्याजवळ काहीतरी छान आहे, आणि ते बँकेच्या पडद्यावर दिसतं, एवढं तिला कळलं होतं. तेवढं सांभाळायचं होतं.

आणि धर्मेंद्र अंगणात बसून सांगत होता की कर्ज असं काही नसतंच.

"मावशीहो, मले एक सांगा. कंपनीनं तुमाले पैसे देले ते आनले कुठून?"

"कपाटातून," ग्रुपमधली सुंदरबाई म्हणाली.

"तिथंच तुमी फसता. कपाटात काहीच नव्हतं. तुमी सही केली, अन् तुमच्या सहीवर त्यायनं वरून पैसा उचलला. मंग पैसा कोनाचा झाला?"

धर्मेंद्रने फाईलवर बोट आपटलं.

"तुमचा. तुमचाच पैसा तुमाले देला, अन् व्याजबी तुमच्याचपासून घेऊन राहिले."

"बाप्पा," सुंदरबाई म्हणाली. ती कंपनीला म्हणाली की धर्मेंद्रला, हे कळलं नाही.

उपाय सोपा होता. कंपनीला तीन नोटिसा पाठवायच्या. आम्ही जिवंत माणसं आहोत, तुमचा करार कागदी माणसाशी झाला आहे, मूळ पैसा कुठून आणला ते सिद्ध करा. तिन्ही नोटिसांना उत्तर आलं नाही की कायद्याने ते मान्य झालं असं धरायचं, आणि मग कर्जमुक्तीचं प्रमाणपत्र. ते दाराला लावलं की वसुलीवाल्याला उंबरा ओलांडता येत नाही. फी होती, पण ती काही त्याची नव्हती, दिल्लीच्या संस्थेची होती.

"कायदा कोनं लिहिला?" धर्मेंद्रने विचारलं, आणि त्याला उत्तराची वाट बघावी लागली नाही. सगळ्यांच्या माना विहारातल्या फोटोकडे वळल्या. "अन् त्याच कायद्याले आपनच भेऊन राहिलो."

या एका वाक्यावर अर्धा वॉर्ड उठून उभा राहिला असता. इथल्या म्हाताऱ्यांनी छपन्न साली नागपूरला पायी जाऊन जे आणलं होतं, त्यात एक हीसुद्धा समजूत होती, की कागदावर लिहिलेलं असेल तर आपणही माणूस आहोत. दुसऱ्या कोणाला कायद्याच्या कागदाची भीती घालून फसवता येतं. या वॉर्डाला कागदाच्या प्रेमाने फसवता येत होतं, आणि हे बाहेरच्याला माहीत नव्हतं. जावयाला होतं.

वच्छलाने हात वर केला. "बापू, एक विचारू का? तुमच्या गाडीचा हप्ता आहे न, तोबी असाच बंद केला का?"

कोणीतरी उगाच खोकलं. कोपऱ्यात प्रतिक्षा बसली होती. तिला नुकतेच दिवस गेले होते. ती पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढत राहिली.

"मावशीचा हक्क आहे विचाराचा," धर्मेंद्र हसला. "माह्या तीनबी नोटिसा गेल्या. उत्तर नाही आलं. उत्तर नाही म्हनजे मान्य."

संध्याकाळी रत्नमाला आली ती दारातच उभी राहिली. "तुले काय गरज होती व?"

"विचारलं फक्त."

"जावयाले विचारतेत का? चार लोकात? पोरीचं तोंड पाहिलं का तू?"

"पाहिलं."

रत्नमाला उंबऱ्यावर टेकली. मग आवाज उतरला. "वच्छे, त्याले पयल्यांदा कोनी खुर्ची देली. तुले कसं समजून नाही राहिलं?"

समजत होतं. म्हणून तर दुसऱ्या दिवशी वच्छला फी घेऊन गेली. दोन लग्नांचं भाडं होतं ते. तिने ठरवलं, हा कागद म्हणजे जावयाला आहेर. टॉवेल-टोपीऐवजी पैसे दिले असं धरायचं. कागद घ्यायचा, ट्रंकेत टाकायचा, आणि मंगळवारी गुपचूप हप्ता भरत राहायचा.

अडलं फक्त एका ठिकाणी. नोटिशीखाली सही करायला तिने पेन मागितलं तर धर्मेंद्रने लाल शाईचं पॅड पुढे सरकवलं. "सही नाही मावशी, अंगठा. सही कंपनी विकते. अंगठा जिवंत मानसाचा."

वच्छलाचा हात जागीच थांबला. तिची सासू अंगठा द्यायची. आई अंगठा द्यायची. वच्छला अश्विनच्या पहिलीच्या पाटीवर त्याच्याबरोबर बसून अक्षरं शिकली होती. पहिली सही तिने रेशनच्या दुकानात केली, तेव्हा दुकानदाराने पॅड पुढे केलं होतं आणि तिने ते मागे सारलं होतं. ज्याला कायदा माहीत आहे, तो लिहिता येणाऱ्या बाईचा अंगठा काहून मागतो, हा प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आला. पण ती जावयाला एकदा विचारून चुकली होती. तिने अंगठा बुडवला. लाल रंग धुण्याच्या साबणानेही लवकर गेला नाही.

हिवाळ्यात तिन्ही नोटिसा गेल्या. उत्तर आलं नाही. धर्मेंद्र पेढे घेऊन आला आणि पाच जणींना प्रमाणपत्रं वाटली. जाड कागद, वर लॅमिनेशन, गोल शिक्का. शिक्का कोणत्याच सरकारचा नव्हता, पण तिन्ही रंग त्यात होते. खाली लिहिलेलं, 'सदर व्यक्ती कोणाचेही काहीही देणे लागत नाही.' रत्नमालाने आपला कागद दाराच्या चौकटीवर ठोकला. येणारा-जाणारा वाचायचा. न भरलेल्या हप्त्याच्या पैशांत तिने शिलाई मशीनला मोटर बसवून घेतली.

मंगळवारी हप्त्याच्या सेंटरवर वच्छला एकटीच आली. श्रावणने हेल्मेट खाली ठेवलं. तो कारध्यापलीकडच्या खेड्यातला, सकाळी बापाबरोबर धानाच्या बांधीत राबून मग वसुलीला निघणारा. कमी वसुली झाली की त्याच्याच पगारातून कापत.

"काकू, तुमचा हप्ता घेतो. पन तो ग्रुपच्या नावानं जाते. चौघीचं नाही आलं तं तुमचंबी थकीतच दिसते." त्याने पिशवीतून एक कागद काढला. "अन् हे काय पाठोलं तुमी? 'मी सदर कर्ज मान्य करीत नाही.' खाली अंगठा तुमचा."

"ते असंच रे. जावयाचं मन राखाले."

"कंपनीच्या वकिलाले जावई नाही समजत, काकू."

श्रावणने जरा इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "एक रस्ता आहे. लिहून द्या का या मानसानं पैसे घेतले, फसवून अंगठा घेतला. मंग तुमचं नाव वेगळं काढता येते. फक्त तुमचं. माह्या साहेबासंग बोललो मी. पन ते पोलिसात जाईन, हे आताच सांगतो."

त्याने दोन कोरे कागद दिले.

वच्छला आधी रत्नमालाकडे गेली. "रत्ना, हप्ते सुरू करू. नाही तं अश्विनचं कर्ज अडते."

रत्नमाला मशीनवर होती. मोटर चालू असल्याने तिला मोठ्याने बोलावं लागलं. "म्हनजे माहा जावई लबाड आहे, असं मी माह्याच तोंडानं बोलू?"

"तसं कोन म्हनते?"

"दुसरं काय म्हनून राहिली तू?"

घरी येऊन वच्छला कोऱ्या कागदापुढे बसली. आपल्या अक्षरात, सहीनिशी लिहायचं होतं. दोन ओळी लिहून झाल्या असतील, तेवढ्यात मागच्या दाराने प्रतिक्षा आली. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आणलेली. "मोठीमाय, आंब्याचं लोणचं आहे का व? मायच्या हातचं नाही पाहिजे, तुह्या हातचं पाहिजे." ती पाटावर बसून, बोटं चाटत, लोणचं खात राहिली. पायांवर सूज होती. बापाला पोलीस घेऊन गेले हे या पोटातल्या जिवाला कोणत्या वर्गात असताना कळेल, असं काहीतरी वच्छलाच्या डोक्यात आलं. तिने कागदाची घडी केली आणि चुलीत घातली. दुसरा कोरा होता, तो अश्विनला दिला, गणितं करायला.

निकाल लागला. अश्विनचं नाव भंडाऱ्याच्या नर्सिंग कॉलेजच्या यादीत आलं. बँकेतल्या बाईंनी पडदा वच्छलाकडे वळवला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

"मावशी, इथे वाद दाखवतंय. कर्ज मला मान्य नाही असं तुम्हीच लिहून दिलंय."

"म्या नाही लिहिलं. अंगठा आहे तो. मले सही येते."

"ते मला कळतं हो. ह्याला नाही कळत," बाई पडद्याकडे बोट करून म्हणाल्या.

वच्छलाने अर्धी भांडी विकून आपलं कर्ज एकरकमी भरलं. भंडाऱ्याच्या एका केटररने घेतली. तिचं नाव घातलेल्या गंजांत आता कोणाकोणाच्या लग्नाचा भात शिजतो. पण पडद्यावरचा डाग जायला वर्षं लागणार होती, आणि कॉलेजची जागा तोवर थांबणार नव्हती. अश्विन नागपूरच्या एका खाजगी दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागला. फोनवर म्हणाला, "ड्रेस भेटला, माय. पांढराच आहे." त्या 'पांढराच'मुळे वच्छला रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

पावसाळ्यात वसुलीची दुसरी माणसं आली. त्यांनी रत्नमालाच्या चौकटीवरचा कागद वाचला, हसले, आणि उंबरा ओलांडून आत जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. जाताना मशीनवर हात ठेवून गेले, पुढच्या आठवड्यात हे उचलतो म्हणून. धर्मेंद्रचा फोन बंद होता. कागद मात्र चौकटीवरच राहिला. काढला तर लोकांना दिसलं असतं की काढला. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोघी पावसाळ्याच्या त्या चार महिन्यांत एकमेकींशी बोलल्या नाहीत. प्रतिक्षाला मुलगा झाला तेव्हा वच्छलाने बाळंतिणीचे डिंकाचे लाडू सुंदरबाईच्या हातून पाठवले. डबा रिकामा न देण्याची पद्धत म्हणून रत्नमालाने त्यात साखर घालून परत पाठवला. तीही सुंदरबाईच्या हातूनच.

नामकरण ठरलं. भांड्यांसाठी कोणी विचारायला आलं नाही. वच्छलाने स्वतः हातगाडी भरली आणि उरलीसुरली भांडी रत्नमालाच्या अंगणात नेऊन उतरवली. रत्नमालाने एका बाजूने गंज धरला. भाड्याचं कोणी काढलं नाही. नियम नियम होता.

बुद्धवंदना झाली, बाळाचं नाव ठेवलं, आणि पंगत बसायच्या वेळेला धर्मेंद्र आला. नवी मोटारसायकल, नवी फाईल. पोरांनी धावत जाऊन पाणी आणलं. कोणीतरी खुर्ची टाकली. चार महिने ज्याला शिव्या दिल्या तो समोर आल्यावर वॉर्डाला आठवलं की हा जावई आहे. त्याला पंगतीत पहिल्या जागी बसवलं.

अश्विन सुट्टी काढून आला होता. तो जग घेऊन पाणी वाढत होता.

"काय अश्विनराव, कुठं आहे आता?" धर्मेंद्रने विचारलं. अश्विनने सांगितलं. धर्मेंद्रने च्‌च्‌ केलं आणि वच्छलाकडे वळला. "मावशी, सिबिल खराब झालं न? कायले टेन्शन घेता? आता माह्याकडं तेच काम आहे. सिबिल दुरुस्ती. तीन नोटिसा पाठवाच्या, उत्तर नाही आलं तं डाग साफ. तुमाले घरचे म्हनून फी कमी लावतो."

वच्छला शेजारी आपल्या घरात गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आली ती लॅमिनेशनचा कागद घेऊन. पदराने पुसला, धर्मेंद्रच्या पुढ्यात जमिनीवर मांडला, त्यावर भात वाढला, भाताला खळं केलं आणि त्यात वरण सोडलं.

"मावशी, हे काय?"

"पयलं ताट जावयाचं, बापू. ताटं कमी पडून राहिले. अर्धे विकले न म्या." तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. "कागद पक्का आहे. वरण गळत नाही."

धर्मेंद्र हसला. एकटाच हसला. "मजाक करते मावशी."

आतून रत्नमाला स्टीलचं ताट घेऊन आली. घरातलं, चांगल्यातलं, प्रतिक्षाच्या आंदणासोबत घेतलेल्या जोडीतलं. धर्मेंद्रने ताटासाठी हात पुढे केला. रत्नमाला त्याच्यासमोरून तशीच पुढे गेली.

"अश्विन, बस रे बाबू. कवाचा उभा आहेस," ती म्हणाली, आणि ताट त्याच्या पुढ्यात ठेवून तिने स्वतः त्याला वाढलं. जावयाच्या आधी.

धर्मेंद्र जेवला. उठून गेला असता तर जास्त आवाज झाला असता, एवढा हिशोब त्याला येत होता. भाताखाली गोल शिक्का पिवळा होत गेला. प्रतिक्षा बाळाला पदराखाली घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती शेवटपर्यंत वळली नाही.

हात धुवायला तो नळावर गेला तेव्हा दुसऱ्या वॉर्डातून जेवायला आलेली कामिनी त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. "बापू," ती हळू आवाजात म्हणाली, "ते सिबिलचं किती घेता?" धर्मेंद्रने एकदा वच्छलाकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली नेला.

दुपारी दोघी भांडी घासायला बसल्या. एकीने राख लावायची, दुसरीने धुवायचं, आधी असायचं तसंच.

"वच्छे," रत्नमाला म्हणाली. "अश्विनचं म्या..."

पुढे तिला जमलं नाही. वच्छला परात धूत राहिली. तिने उत्तर दिलं नाही, आणि ते मान्य म्हणून नव्हतं.

ताटांच्या ढिगात शेवटी तो कागद निघाला. वच्छलाने त्यालाही राख लावली, पाणी मारलं, आणि उन्हात भिंतीला टेकवून ताटांच्या रांगेत उभा केला. वरणाचा डाग कुठे राहिला नव्हता. अक्षरं सगळी जागच्या जागी होती, वच्छलाचं पूर्ण नाव, आणि त्याखाली, सदर व्यक्ती कोणाचेही काहीही देणे लागत नाही.